नोकरीत राम उरला नाही, तेव्हा डोंगरात काय शोधावे?

आपला प्रश्न मी प्रथम माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळला आहे की नाही हे आपल्याला ताडून पाहता येईल. आपले वय 34 आहे. विमा कंपनीच्या दाव्यांच्या विभागात आपण 11 वर्षे काम करत आहात, चिंचवडला राहता, घरी पत्नी आणि 4 वर्षांची मुलगी आहे आणि घराचे हप्ते चालू आहेत. कामाविषयी तक्रार करावी असे काही नाही. पगार वेळेवर होतो, वरिष्ठ समजूतदार आहेत. तरीही रविवारी संध्याकाळी पाचपासूनच आपला सोमवार सुरू होतो. गेल्या वर्षी आपण कामशेतला पॅराग्लायडिंगचे एक उड्डाण केले आणि पावसाळ्यात एका मोठ्या गटाबरोबर ट्रेकही केला. दोन्ही वेळा दोन-तीन दिवस बरे वाटले आणि नंतर आधीपेक्षा अधिक रिते वाटले. म्हणून आपण विचारता की नोकरी सोडून याच क्षेत्रात उतरावे, की नोकरी सांभाळून एखादा छंद पुरेल, आणि छंद धरलाच तर तो घरच्यांवर अन्याय ठरेल का.

मी स्वतः भोसरीतील एका कारखान्यात भांडार विभागाचे हिशेब 34 वर्षे सांभाळून गेल्या वर्षी निवृत्त झालो. आवक, जावक, शिल्लक आणि मार्चअखेरीस रॅकवरच्या प्रत्येक नट-बोल्टाची मोजदाद, असे ते काम होते. त्यातली 28 वर्षे मी सह्याद्रीत हिंडलो आणि शेवटची 15 वर्षे सुट्टीच्या दिवशी नवख्यांना प्रस्तरारोहणाचे पहिले धडे देत आलो. मी मानसतज्ज्ञ नाही. जे सांगणार आहे ते स्वतःवरून आणि माझ्यापुढे दोर हातात घेऊन उभ्या राहिलेल्या नोकरदार माणसांवरून सांगणार आहे, हे लक्षात ठेवूनच वाचावे.

आपल्या लिहिण्यात मला खरी अडचण ‘काम कंटाळवाणे आहे’ ही दिसत नाही. कंटाळवाणे काम करणारी आणि तरीही शुक्रवारी संध्याकाळी डोळ्यांत चमक असणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. आपल्या आठवड्यात अशी एकही गोष्ट उरलेली नाही, जिचा शेवट काय होईल हे आधी ठाऊक नाही आणि जो शेवट आपल्या निर्णयावर अवलंबून आहे. दाव्याची फाइल येते, नियम ठरलेले असतात, निकालही बहुधा ठरलेला असतो. आणि विचित्र वाटेल, पण कामशेतचे उड्डाणही याच जातीचे होते. अशा टँडम, म्हणजे दोघांच्या, उड्डाणात ब्रेकच्या दोऱ्या मागे बसलेल्या वैमानिकाच्या हातात असतात. वारा तो वाचतो, कधी धावायचे हे तो सांगतो, उतरायचे कोठे हेही तोच ठरवतो. आपण त्या दिवशी प्रवासी होता. प्रवाशाला आनंद होतोच, तो खोटा नसतो, पण सोमवारी त्या आनंदाचे पुढे काही करता येत नाही. पावसाळी ट्रेकचेही तसेच: साठ जणांच्या रांगेत पुढच्याच्या सॅककडे पाहत चालताना आपल्याला एकदाही ‘आता कोणीकडे?’ असा प्रश्न पडला नसणार.

त्याच कामशेतच्या टेकड्यांवर उडायला शिकणारे विद्यार्थी पाहावेत. ते पहिले काही दिवस उडतच नाहीत. तो प्रचंड पंख सपाटीवर वाऱ्यात उभा करायचा, डोक्यावर स्थिर धरायचा, तो कलला की त्याच्याखाली धावायचे, पडायचे, दोऱ्यांचा गुंता सोडवायचा आणि पुन्हा उभा करायचा, एवढेच चालते. बाहेरून पाहणाऱ्याला ते अगदी निरस वाटते. पण त्यातला माणूस बुधवारी कार्यालयात बसूनही खिडकीबाहेरच्या झाडाचा शेंडा कोणत्या दिशेला हलतो आहे हे पाहत असतो. थरार घेणे आणि कसब कमावणे यांतला हा फरक माझ्या उत्तराचा गाभा आहे. कामाच्या शिणातून माणूस कसा सावरतो याचा अभ्यास करताना सबीन सोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ या संशोधकांनी 2007 साली चार अनुभव वेगळे मांडले होते: कामापासून मनाने सुटणे, विसावणे, काहीतरी नवे आत्मसात करणे आणि आपला वेळ आपल्या ताब्यात असणे. आपल्या दोन्ही सहलींनी पहिला अनुभव दिला, कदाचित दुसराही दिला. उरलेल्या दोहोंना त्यांत जागाच नव्हती.

येथे दोन गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला येथून दिसत नाहीत. ज्या गोष्टी पूर्वी मनापासून आवडत होत्या त्याही आता नकोशा झाल्या असतील, झोप किंवा भूक आठवडेच्या आठवडे बिघडलेली असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावे; डोंगर हे त्यावरचे औषध नव्हे. दुसरे, प्रवास धरून आपले बारा-तेरा तास नोकरीत जात असतील, तर आधी त्या तासांचे काहीतरी करावे लागेल. दमलेल्या माणसाला छंद सांगणे म्हणजे उपाशी माणसाला व्यायाम सांगण्यासारखे आहे. हे दोन्ही नसेल, असे धरून मी पुढे लिहितो.

अनिश्चितता म्हणजे काय, हे मला एका फसलेल्या फेरीत कळले. 1996 च्या ऑगस्टमध्ये आम्ही पाच जण खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर निघालो होतो. खिंडीच्या वरचा कातळटप्पा संपला की देवळापर्यंतची वाट लहानमोठ्या टेपाडांवरून चढत-उतरत जाते आणि पावसाळ्यात तेथे असे धुके उतरते की पुढे पसरलेल्या हाताची बोटे पुसट होतात. तासभर चालल्यावर एका सपाट खडकावर आम्ही टेकलो, मोसंबी सोलून खाल्ली आणि निघालो. आणखी पाऊण तासाने तसाच एक खडक आला आणि त्यावर मोसंबीची साल पडलेली दिसली. ‘आपल्या पुढेही कोणीतरी गेले आहे, म्हणजे वाट बरोबर आहे,’ असे आमच्यातला एक जण आनंदाने म्हणाला. साल उचलून पाहिली तर ती माझीच होती. नखाने मोसंबी गोल सोलत एकच लांब सर्पिल काढायची माझी जुनी खोड आहे. (साल तेथे टाकणे ही चूकच होती, आज माझ्या गटात कोणी टाकली तर मी ती त्यालाच उचलायला लावतो.)

तेव्हा आमच्याकडे मोबाइल नव्हते, नकाशावर निळा ठिपका नव्हता. दोघांचे म्हणणे पडले की उतार धरून खाली सुटावे. कारवीच्या दाट रानात ‘उतार धरून’ जाणारा माणूस थेट कड्याच्या ओठावर जाऊ शकतो, हे मी जाणत्यांकडून ऐकले होते, म्हणून मी बसून राहण्याचा आग्रह धरला. जवळजवळ दोन तास आम्ही पाच जण एका प्लॅस्टिकच्या कागदाखाली गुडघे पोटाशी घेऊन बसलो. पाणी कागदावरून मानेत ठिबकत होते आणि माझ्यावरचा राग कोणी लपवत नव्हते. मग वाऱ्याचा एक झोत आला, पडदा फाटावा तसे धुके फाटले आणि पुढच्या टेपाडामागे वाट स्वच्छ दिसली. चालून कमावलेले असे त्या दिवशी फारसे काही नव्हते. तरी पुढचे कित्येक आठवडे आवक-जावकीच्या नोंदी करताना मला तो खडक आठवत राहिला, कारण तेथे बसून राहण्याचा निर्णय माझा होता आणि तो चुकूही शकला असता. पुढच्या महिन्यात मी होकायंत्र विकत घेतले आणि ते वापरायला शिकण्यात सगळा हिवाळा गेला. आपल्याला हवा असलेला उत्साह मला या ‘पुढच्या महिन्यात’ सापडतो.

म्हणून माझा सल्ला असा की जे निवडाल त्याचा एक तुकडा आठवड्याच्या मधल्या दिवसांत शिरला पाहिजे. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका पतसंस्थेतील लिपिक बाईंना मी फिगर ऑफ एटची, म्हणजे इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दिसणारी, गाठ शिकवली. दोराचे दोन्ही पदर गाठीत शेजारी-शेजारी, एकमेकांना न ओलांडता बसले पाहिजेत, गाठ ओढून घट्ट केली पाहिजे आणि शेपूट पुरेसे लांब उरले पाहिजे, एवढेच त्यात असते. त्यांनी हातभर दोरी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला बांधून ठेवली आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ती गाठ बांधायची-सोडायची, असा नेम धरला. तिसऱ्या आठवड्यात त्या डोळे मिटून गाठ बांधू लागल्या. पहिल्या कातळावर त्या 20 फूटही चढल्या नाहीत. पण खाली उतरल्यावर कोणती पकड चुकली, पाय कोठे ठेवायला हवा होता, हे त्या मला सांगत होत्या, मी त्यांना नव्हे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही शहरांत प्रस्तरारोहणाच्या कृत्रिम भिंती आहेत; कामावरून सुटल्यावर तासभर तेथे जाता आले तर आठवड्याला मधेच एक गाठ बसते. ते जमणारे नसेल तर पहाटे निगडीची दुर्गा टेकडी किंवा घोरवडेश्वर आपल्याला जवळ आहे. मात्र तेथेही नुसते चालू नये. पाच किलो वजन पाठीवर घेऊन चढायला किती वेळ लागला, उतरताना श्वास कसा होता, हे वहीत टिपावे. हिशेबाची सवय असलेल्या माणसाला अशा वहीत फार लवकर गोडी लागते, हे मी अनुभवाने सांगतो.

दुसरी गोष्ट वाट पाहण्याची. सह्याद्रीला स्वतःचे पंचांग आहे आणि ते एकदा अंगात भिनले की वर्ष सपाट राहत नाही. मे संपता संपता, पहिल्या वळवाच्या सुमारास भंडारदऱ्याच्या परिसरात झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकू लागतात. जून ते ऑगस्ट हे महिने मळलेल्या पायवाटांचे आणि लेण्यांचे. शेवाळलेला कातळ आणि फुगलेले ओढे यांच्या वाटेला या दिवसांत जाऊ नये. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोनकी आणि तेरडा पठारे रंगवतात आणि ज्या वर्षी कारवीचे सात वर्षांनी येणारे फुलणे असते त्या वर्षी डोंगरउतार जांभळे होतात. थंडी पडली की लांबच्या चाली सुरू होतात: राजगडाच्या संजीवनी माचीवरून उतरून तोरण्यापर्यंतची डोंगरधार, किंवा 1646 मीटरचे कळसूबाई, राज्यातले सर्वांत उंच शिखर. कोरडा कातळ मिळतो तोही याच दिवसांत, म्हणून प्रस्तरारोहणाचे शिक्षण थंडीत घ्यावे. मार्चपासून ऊन चढते आणि रात्रीची चाल बरी वाटू लागते. माझ्या टेबलावरच्या कंपनीच्या कॅलेंडरात तारखांच्या चौकटींत हेच सगळे बारीक अक्षरात लिहिलेले असे आणि लेखापरीक्षकांना एकदा त्याचा उलगडा करून सांगावा लागला होता.

धोक्याविषयी मी थोडा कडक आहे. धोका आणि साहस यांची गल्लत आपल्याकडे फार होते. धबधब्याखाली उभे राहणे किंवा कड्याच्या टोकावर पाय सोडून छायाचित्र काढणे यांत कसब काहीच लागत नाही. तेथे सगळे नशिबावर सोपवलेले असते. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन काही ठिकाणी जाण्यास मनाई करते, ती मोडण्यात पुरुषार्थ नाही. एखाद्या संस्थेबरोबर जाणार असाल तर पैसे भरण्याआधी विचारावे: गटात किती जण आणि त्यांमागे अनुभवी नेते किती, शेवटी चालणारा माणूस कोण, प्रथमोपचार येणारे कोणी आहे का, परत फिरण्याची वेळ आधी ठरवलेली आहे का. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा संस्थांनी नोंदणी करणे अपेक्षित आहे, तेव्हा नोंदणीही विचारावी. या प्रश्नांनी जो चिडतो त्याच्याबरोबर जाऊ नये. गडांवर आग्या मोहोळे असतात, म्हणून अत्तर, धूर आणि आरडाओरडा टाळावा. आणि आपण विम्याच्याच कामात आहात, तेव्हा स्वतःच्या पॉलिसीतले साहसी खेळांविषयीचे कलम आपण, इतरांच्या फाइलीत वाचता तेवढ्याच बारकाईने, एकदा वाचून ठेवावे. आपल्या व्यवसायातील माणसे पुढे उत्तम गटनेते होतात असे मी पाहिले आहे, कारण काय काय बिघडू शकते याची कल्पना त्यांना आधीच असते.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. पहिल्या वर्षी चांगल्या रबरी तळव्याचे बूट, एक सॅक, विजेरी आणि पावसाळी कोट एवढेच घ्यावे. तंबू, दोर, हार्नेस (दोर बांधायचा कमरेचा पट्टा), हेल्मेट यांतले काहीही विकत घेऊ नये. शिकवणाऱ्या गटाकडे ते असते आणि नवख्याने स्वतः निवडलेला दोर मला तरी भरवशाचा वाटत नाही. दुकानात जाऊन येण्याने छंद सुरू झाल्याचा जो भास होतो, त्यात बरेच छंद तेथेच संपतात.

घरच्यांविषयी मात्र थांबून बोलले पाहिजे, कारण येथे मी स्वतः चुकलो आहे. सुरुवातीची सहा-सात वर्षे माझा प्रत्येक रविवार डोंगरात जाई. एकदा पत्नी शांतपणे म्हणाली, “अहो, रविवारी तुम्ही घरात नसता, आणि सोमवारी असूनही नसता.” दुसऱ्या वाक्याने मी अधिक खजील झालो, कारण ते खरे होते, रात्री उशिरा येऊन चिखलाचे कपडे मोरीत टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी पेंगत राहायचे, असे चालले होते. त्यानंतर आम्ही महिन्यातले दोन रविवार माझे आणि दोन घरचे असे ठरवले, तारखा महिनाभर आधी भिंतीवर लिहिल्या आणि परत यायची वेळ सूर्यास्ताची नव्हे, तर चहाची ठेवली. कपडे मी धुऊ लागलो. छंद हा अन्याय ठरतो की नाही, हे तासांपेक्षा अशा बारीक गोष्टींवर ठरते. आपल्या पत्नीलाही स्वतःचे दोन रविवार हवे असतील, हेही विचारून पाहावे. ते बहुधा कोणी विचारत नाही. मुलीला एवढ्यात गडावर नेण्याची घाई करू नये. 4 वर्षांच्या मुलाला घोरवडेश्वरच्या पायऱ्या आणि वाटेतला सरडा पुरतो.

नोकरी सोडण्याविषयी माझे मत असे की निदान वर्षाचे सगळे ऋतू एकदा अनुभवल्याशिवाय तो विचार करू नये. माझा एक जुना सोबती पंधरा वर्षांपूर्वी कारखाना सोडून पूर्णवेळ ट्रेक नेऊ लागला. त्याचे पोट त्यावर चालले आहे आणि त्याला पश्चात्ताप नाही. परंतु तो आता दर शनिवारी चाळीस माणसांचे पोहे आणि चहा मोजतो, बस वेळेवर आली की नाही पाहतो आणि त्याच त्या वाटेवर त्याच त्या जागी तोच इतिहास सांगतो. डोंगर त्याचे कार्यालय झाला. तीन वर्षांपूर्वी त्याने आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी मोडी लिपी शिकायला सुरुवात केली आणि हल्ली जुन्या दस्तातले एखादे अडलेले अक्षर सुटले की तो मला रात्री दहा वाजता दूरध्वनी करतो. त्या आवाजातला उत्साह मला ओळखीचा आहे. 28 वर्षांपूर्वी तो तसाच राजगडाविषयी बोलत असे. चार-पाच ऋतूंनंतरही याच क्षेत्रात उतरावेसे वाटले, तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतील सुमारे चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम रजा टाकून करावा; बर्फात, शिस्तीत आणि पाठीवर ओझे घेऊन ते दिवस काढल्यावर आपले उत्तर आपल्याला मिळेल.

आणि डोंगर आपला प्रांत नसेल तर? तसेही असू शकते. गुडघे, दम, उंचीचे भय, काहीही कारण पुरते. मग मोडी घ्या, पक्षी घ्या, आकाश घ्या; पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणत आली आहे. निवडताना एवढेच पाहावे की त्यात आपली चूक आपल्याला दिसते का, पुढची पायरी आहे का, आणि ती दाखवणारे कोणी जाणते माणूस आहे का. आपण लिहिलेल्या वाक्यांत वाऱ्याचा आणि उंचीचा उल्लेख तीनदा आला आहे, म्हणून मी डोंगरापासून सुरुवात केली, इतकेच.

सुरुवात करायची असेल तर येत्या मोकळ्या रविवारी सकाळच्या लोणावळा लोकलने मळवलीला उतरावे. भाजे गावातून लेण्यांच्या बाजूने वर गायमुख खिंडीत यावे. तेथून उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. लोहगड आता जागतिक वारशाच्या यादीत आला आहे, त्यामुळे गर्दी असेल. तरी पहिल्या खेपेला तोच बरा, कारण पायऱ्यांची वाट आहे आणि चुकायची भीती नाही. एका सोबत्याला घ्यावे, गटाबरोबर जाऊ नये. निघण्यापूर्वी कागदावर आपला अंदाज लिहावा: खिंडीत किती वाजता, विंचूकाट्यावर (लोहगडाच्या लांब, निमुळत्या माचीवर) किती वाजता, परतीची लोकल कोणती, आणि ऊन किंवा पाऊस आड आला तर कोठून मागे फिरायचे. संध्याकाळी त्याच्या शेजारी प्रत्यक्षातल्या वेळा लिहाव्यात. अंदाज कोठे आणि किती चुकला, आणि गुडघा दुखलाच तर कोणता, चढताना की उतरताना, एवढे मला कळवावे. पुढची फेरी विसापूरची की पुन्हा हीच, ते त्यावरून सांगता येईल.